भारतीय समाज डावा की उजवा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणुकीचा निकाल लागला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात: ‘देश उजवीकडे वळला’ आणि ‘डावे संपले’. त्यावरून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्राची आहेत, कारण माझं बघणं तिथलं आहे. काही उत्तरं लांबली, काही दोन ओळींत उरकली. ज्यात मला रस होता ती लांबली, हे उघड आहे.

एका वाक्यात सांगा: भारतीय समाज डावा की उजवा?

एका वाक्यात मावत नाही, दोन घेतो. पैशाच्या बाबतीत आपण डावे, घराच्या आणि देवाच्या बाबतीत उजवे. आणि ज्या गोष्टीवरून आपण सगळ्यात जास्त भांडतो, त्या जातीला या पट्टीवर जागाच नाही.

हे डावं-उजवं आलं कुठून?

फ्रान्समधून, १७८९ सालचं. तिथल्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार द्यावा की नाही यावर वाद चालला होता. राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, विरोधातले डाव्या हाताला. म्हणजे बसायच्या जागेवरून पडलेलं हे नाव. पुढे कारखाने आले आणि त्यात पैशाचा प्रश्न शिरला. सरकारने संपत्तीची वाटणी करावी म्हणणारे डावे, बाजाराला मोकळं सोडा म्हणणारे उजवे. धर्म आणि परंपरा जपणारे उजवीकडे होतेच. युरोपात या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकाच माणसात सापडायच्या, म्हणून त्यांना एक पट्टी पुरली.

मराठीत हे शब्द आधीपासून कामावर होते आणि त्यांचा कल लपत नाही. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि घरचे सगळे त्या पाकळ्यांकडे डोळे लावून बसतात. उजवी पडली तर काम होणार, डावी पडली तर थांबा. ‘उजवा कौल’ म्हणजे देवाचा होकार. निवडणुकीच्या निकालालाही आपण ‘जनतेचा कौल’च म्हणतो. शिवाय ‘डावलणं’ आहे, पंगतीत ‘डावं-उजवं करणं’ आहे. अशा भाषेत ‘मी डावा’ म्हणणाऱ्याची सुरुवातच उण्यातून होते. हे अर्धं गमतीने म्हणतोय. अर्धंच.

मग आपल्याकडे राजकीय मतं ओळखायला आधी शब्दच नव्हते का?

होते की, आणि चांगले होते: जहाल आणि मवाळ, सुधारक आणि सनातनी. गंमत अशी की या दोन जोड्या एकमेकींवर बसत नव्हत्या.

टिळक जहाल. सरकारशी भांडणात सगळ्यांच्या पुढे. १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. त्या संपाची दखल लेनिनने घेतली, इतका तो गाजला. पण हेच टिळक १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला आडवे गेले होते. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करणारा तो कायदा. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, ही टिळकांची भूमिका. आगरकर म्हणत होते, आधी घर सुधारा. गोखले राजकारणात मवाळ, सामाजिक प्रश्नांत सुधारकांच्या बाजूचे. १९०७ ला सुरतेत काँग्रेस फुटली ती जहाल-मवाळ या रेषेवर. घरातल्या विधवेचं काय करायचं, या रेषेवर फुटली असती तर माणसं वेगळीच वाटली गेली असती.

जोतिबा फुले तर दोन्ही जोड्यांच्या बाहेर. १८७३ ला सत्यशोधक समाज काढणाऱ्या माणसाला इंग्रजांपेक्षा जवळची गुलामगिरी महत्त्वाची वाटत होती. आणि शाहू महाराज? त्यांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. डाव्यातलं डावं पाऊल, आणि ते उचललं कोणी, तर राजाने! पॅरिसच्या त्या सभागृहात या माणसाला कुठे बसवलं असतं?

सावरकर घ्या. हिंदुत्वाचे ते प्रवर्तक, म्हणून उजवे. पण रत्नागिरीत १९३१ साली पतितपावन मंदिर सर्व जातींना खुलं करून उभं राहिलं ते त्यांच्या पुढाकाराने, आणि गाय हा उपयुक्त पशू आहे हेही त्यांचंच म्हणणं. आज त्यांचं नाव घेणारे आणि त्यांना नावं ठेवणारे, दोघेही यातला अर्धा भाग सोयीने गाळतात.

पैशाच्या बाबतीत सगळे डावे म्हणता. कशावरून?

निवडणुकीतल्या आश्वासनांवरून. ज्या मतदाराला बाजार प्यारा, त्याला पक्ष करकपात विकतात. आपल्याकडे काय विकलं जातं ते बघा.

१९९५ ला महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. नावाला उजवं. त्यांच्या दोन गाजलेल्या घोषणा: एक रुपयात झुणका-भाकर आणि ४० लाख झोपडपट्टीवासीयांना फुकट घरं. २०२० ला महाविकास आघाडीने दहा रुपयांत शिवभोजन थाळी आणली. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी फुकट वाटपाला ‘रेवडी’ म्हणून झोडपलं, आणि २०२४ मध्ये त्यांच्याच युतीच्या सरकारने राज्यात लाडक्या बहिणींना महिन्याला १,५०० रुपये सुरू केले. निवडणुकीत युती म्हणाली, ‘आम्ही २,१०० देऊ.’ विरोधकांनी ‘हे परवडणार नाही’ म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, ‘आम्ही ३,००० देऊ.’ लिलावात बोली वर जाते, तसं. देऊच नये म्हणणारा मोठा पक्ष एकही नव्हता.

केंद्रात तेच. सुमारे ८० कोटी लोकांना मोफत धान्य मिळतं. त्याचा कायदा २०१३ ला काँग्रेसच्या काळात झाला, फुकट केलं भाजपने.

यातली सगळ्यात जुनी आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट रोजगार हमीची. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर म्हणून गाव आहे. तिथे वि. स. पागे यांनी १९६० च्या दशकात प्रयोग केला: मागेल त्याला काम. पागे काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती, प्रवृत्तीने गांधी-विनोबांच्या जवळचे. १९७२ च्या दुष्काळात ही योजना राज्यभर पसरली, पुढे तिचा कायदा झाला आणि २००५ ला केंद्राने तिच्यावरूनच देशाचा कायदा केला. पैसा कुठून आला? तुम्ही महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पगाराची चिठ्ठी काढा. त्यात दरमहा २०० रुपये ‘व्यवसाय कर’ म्हणून कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. तो कर १९७५ ला लागला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दुष्काळी गावातल्या मजुराला खडी फोडायचं काम. याला डावं म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? आणि त्या विधिमंडळात कम्युनिस्टांचं बहुमत कधीच नव्हतं.

एक मेख मात्र आहे. आपण देण्याच्या बाबतीत डावे आहोत, घेण्याच्या बाबतीत नाही. १९७३-७४ ला आयकराचा वरचा दर ९७.७५ टक्के होता. आज कुणी त्याचं नाव काढत नाही. मालमत्ता शुल्क, म्हणजे वारसा कर, काँग्रेसने १९८५ ला रद्द केला. संपत्ती कर भाजपने २०१५ ला. २०२४ च्या लोकसभा प्रचारात वारसा कराचा नुसता उल्लेख झाला, तर काँग्रेसने तातडीने हात झटकले. कारण सोपं आहे. ज्याला हा कर कधीच लागणार नाही, त्या दोन एकरवाल्यालाही ‘वारसा’ म्हटलं की आपला सात-बारा आठवतो.

बाजारावर विश्वास असलेले खरे उजवे भारतात कधी नव्हतेच का?

होते, आणि त्यातला एक मोठा प्रवाह मराठी आहे.

राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, १९५९ ला स्वतंत्र पक्ष काढला. सोबत मुंबईचे मिनू मसानी. परवाना-परमिटच्या राज्याला विरोध हा त्यांचा मुख्य मुद्दा. १९६७ ला लोकसभेत ४४ जागा मिळाल्या, म्हणजे तेव्हा पोटनिवडणुकीपुरता पक्ष नव्हता तो. सात-आठ वर्षांत विरून गेला.

दुसरे शरद जोशी. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आलेला माणूस. बाजारात कांदा पाठवला की आडत्याकडून हिशेबाचा कागद येतो, त्याला पट्टी म्हणतात. कांद्याचे पैसे इतके, त्यातून हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा. कधी कधी वजाबाकी संपल्यावर शेतकऱ्यानेच खिशातून भरायचे निघतात. ती उलटी पट्टी. डावा कार्यकर्ता ही पट्टी बघून म्हणेल, व्यापाऱ्याने लुटलं. जोशी म्हणाले, सरकारने लुटलं. निर्यातबंदी घालून, लेव्ही म्हणजे ठरल्या भावाने सक्तीची खरेदी लावून भाव पाडले, शहराला स्वस्त खाऊ घातलं. शेतकऱ्याला अनुदान मिळतच नाही, ‘उणे अनुदान’ मिळतं, हे त्यांनी आकडे मांडून सांगितलं. ‘सूट-सबसिडीचं नाही काम’ म्हणत लाखांनी शेतकरी रस्त्यावर आले, बायकाही आल्या. आणि मतदानाच्या दिवशी? जोशींच्या स्वतंत्र भारत पक्षाच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं यश. लोकांनी त्यांचं अर्थशास्त्र सभेत ऐकलं, मान डोलावली आणि मत द्यायला साखर कारखान्याच्या चेअरमनकडे गेले.

२०२० ला केंद्राने शेतमालाच्या बाजाराचे तीन कायदे केले तेव्हा जोशींच्या शेतकरी संघटनेने त्यांची बाजू घेतली. पंजाबचे शेतकरी दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसले आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये कायदे मागे गेले. स्वबळावर बहुमत असलेल्या ‘उजव्या’ सरकारला बाजार मोकळा करता आला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

घटनेतच ‘समाजवादी’ लिहिलंय ना?

हो, पण मुळात नव्हतं. १९७६ ला, आणीबाणीत, ४२ व्या दुरुस्तीने उद्देशिकेत हा शब्द आला. तो काढावा म्हणून केलेल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये फेटाळल्या.

त्याहून मजेशीर गोष्ट लोकप्रतिनिधित्व कायद्यातली आहे. कलम २९-अ नुसार नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. म्हणजे कागदोपत्री भारतात उजवा पक्ष काढताच येत नाही! भाजपची तर सुरुवातच तशी झाली. १९८० ला मुंबईत भरलेल्या पहिल्या अधिवेशनात त्यांनी ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला होता.

आणि घर, लग्न, धर्म?

इथे आकडे बोलके आहेत. प्यू या अमेरिकेतल्या पाहणी संस्थेने २०१९-२० मध्ये भारतभर सुमारे ३०,००० लोकांना १७ भाषांत प्रश्न विचारले. खरा भारतीय असायला सर्व धर्मांचा आदर फार महत्त्वाचा, असं ८४ टक्के म्हणाले. आणि आपल्या समाजातल्या बायकांना जातीबाहेर लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं, असं ६४ टक्के म्हणाले. म्हणजे दोन्ही म्हणणारी माणसं बरीच आहेत. परदेशी वाचकाला यात विसंगती दिसते. आपल्याला दिसत नाही. शेजारी कुणीही राहो, सणाला त्याच्याकडे फराळ जाईल, सोयरीक आपल्यातच.

मी एकदा आईला इंटरनेटवरची ती ‘तुम्ही डावे की उजवे’ चाचणी द्यायला बसवलं. ती गहू निवडत होती, मी प्रश्न मराठीत करून सांगत होतो. रेशन सगळ्यांना हवं? ‘हवंच की.’ श्रीमंतांवर जास्त कर? ‘लावा, पण पैसे खाणार कोण ते आधी सांगा.’ बँका सरकारी असाव्यात? ‘मग काय, बुडाली तर जायचं कुणाकडे?’ इथपर्यंत ती पक्की समाजवादी. मग शाळेत शिस्त, मोठ्यांचा मान, देशाविरुद्ध बोलणं असे प्रश्न आले आणि ती सरसर दुसऱ्या टोकाला गेली. आंतरजातीय लग्नाच्या प्रश्नाला तिने हातातलं सूप खाली ठेवलं. ‘पोरं चांगली असली तर माझं काही नाही,’ म्हणाली. थोडं थांबून, ‘आपल्यात मिळालं तर बरं, एवढंच.’ यंत्राने तिला मधोमध बसवलं. आई मधोमध कशातच नाही.

जातीला या पट्टीवर जागा का नाही?

पट्टी जिथे बनली तिथे जात नव्हती, म्हणून. तिथे वर्ग होता. आपल्या डाव्यांनी तोच घेतला आणि म्हणाले, वर्ग मिटला की जात आपोआप मिटेल.

मुंबईच्या गिरणीतलं एक उदाहरण पुरेसं आहे. साचेखात्यात, म्हणजे मागावर, धोट्यातल्या बॉबिनचं सूत संपलं की नव्या बॉबिनचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्याच धोट्याला दुसऱ्या कामगाराचंही तोंड लागणार. म्हणून अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात घेत नसत, आणि पगार तर तिथेच चांगला. त्याला कमी मजुरीच्या खात्यात पाठवत. अडवणारे मालक नव्हते, सोबतचे कामगार होते, लाल बावट्याखाली उभे राहणारे. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी तो मागण्यांत घातला, पण मन लावून नाही. जात ही कामाची विभागणी नाही, काम करणाऱ्यांची विभागणी आहे, हे आंबेडकरांनी १९३६ ला लिहिलं ते असं बघून.

त्याच १९३६ ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ ला कामगारविरोधी विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांसोबत संपही केला. १९४७ ला घटनेसाठी दिलेल्या मसुद्यात त्यांनी शेतजमीन आणि विमा सरकारी मालकीचा करावा असं सुचवलं होतं, जे काँग्रेसला कधी झेपलं नसतं. म्हणून त्यांना डावे म्हणावं, तर धर्म सोडायचा नाही, बदलायचा, असं ठरवून त्यांनी १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. कोणताही डावा आराखडा हे पचवू शकत नाही.

आज आरक्षणावर पक्षांचा डावा-उजवा भेद जवळपास नाही. आर्थिक दुर्बलांच्या १० टक्क्यांची दुरुस्ती २०१९ ला लोकसभेत ३२३ विरुद्ध ३ मतांनी झाली. मराठा आरक्षणाचं विधेयक फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळात एकमताने. भांडण होतं ते ‘कुणाच्या ताटातलं’ यावर, आणि ते गावात होतं, सभागृहात नाही. राज्यशास्त्राच्या काही अभ्यासकांनी म्हणूनच भारतासाठी वेगळ्या दोन रेषा सुचवल्या आहेत: सरकारने समाजाच्या चालीरीतींत हात घालावा का, आणि मागे राहिलेल्या गटांना खास जागा द्यावी का. या दोन प्रश्नांवर माणसं खरोखर वाटली जातात. मला ही मांडणी पटते, कारण टिळक-आगरकर वादाचीच ही नातवंडं वाटतात.

गर्भपातावरून अमेरिकेसारखं भांडण इथे का नाही?

१९७१ ला कायदा झाला आणि फारसं कुणी रस्त्यावर आलं नाही. तो ज्या समितीच्या शिफारशीवरून झाला तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. सरकारने तो लोकसंख्या आणि आरोग्याचा प्रश्न म्हणून मांडला, बाईच्या हक्काचा म्हणून नाही, आणि बहुधा म्हणूनच तो सहज निघून गेला. र. धों. कर्व्यांनी १९२१ पासून मुंबईत संततिनियमन केंद्र चालवून जे सोसलं, त्याचं बरंचसं कारण ते शरीरसुखाबद्दल बोलत होते हे होतं.

समान नागरी कायदा ही उजवी मागणी आहे ना?

आज आहे. कायमची नव्हती. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांचा मोर्चा घेऊन मुंबईत विधान भवनावर गेले. फक्त सात. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व बंद करा आणि सगळ्यांना एक कायदा लावा, ही त्यांची मागणी. दलवाई समाजवादी चळवळीतले. पुढे १९७० ला त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, नाव सरळ फुल्यांकडून घेऊन. मग मागणीचं मालकपण बदललं, आणि ती कुणाच्या तोंडी आहे यावरून डाव्यांनी तिच्यापासून अंतर घेतलं. ही त्यांची मोठी चूक झाली असं माझं मत आहे. न पटणारे मित्र मला बरेच आहेत.

गोव्यात पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा १९६१ नंतरही चालू राहिला. काही अपवाद सोडले तर सगळ्या धर्मांना तोच. गोवेकर त्याला डावाही म्हणत नाही आणि उजवाही; नोटरीकडे जाताना कटकट म्हणतो.

लालबाग-परळ लाल होतं ते भगवं कसं झालं?

हा प्रश्न मला घरचाच वाटतो. माझे एक मामा परळला चाळीत राहायचे, गिरणीत कामाला. त्यांच्या खोलीत दारामागे एकाच खिळ्याला दोन गोष्टी टांगलेल्या: युनियनचं कॅलेंडर आणि त्यावर, मागच्या वर्षीच्या गणपतीची वाळलेली कंठी. एक मेला ते कामगार मैदानावर जायचे आणि आषाढीला कडक उपास करायचे. दोन्हींत त्यांना कधी अडचण दिसली नाही.

१९६६ ला शिवसेना आली. ५ जून १९७० ला लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला. पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि सेनेचे वामनराव महाडिक जिंकले. सेनेचा तो पहिला आमदार, निवडून आला तो गिरणगावातून. मग १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. गिरणी गेली तसं युनियनचं ऑफिस गेलं. सेनेची शाखा उरली. नळाला पाणी नाही, पोराला ॲडमिशन नाही, रुग्णवाहिका हवी आहे, तर रात्री अकरालाही जिथे दिवा जळतो अशी एकच जागा.

मामांच्या कॅलेंडरवरचा फोटो बदलला. त्यांच्या मागण्या तशाच राहिल्या: काम हवं, खोली हवी, भाव उतरायला हवेत. म्हणून ‘परळचा माणूस उजवा झाला’ हे मला अपुरं वाटतं. तो ज्याचा दिवा जळत होता तिकडे गेला. अर्थात परप्रांतीयांविषयीचा राग आणि नंतर मुसलमानांविषयीचाही त्याच दिव्याखाली शिकवला गेला, हे सोडून सांगणं खोटेपणाचं होईल. मामाही शिकले.

‘पुरोगामी’ म्हणजे डावा का?

नाही. ‘पुरोगामी महाराष्ट्र’ प्रत्येक पक्ष म्हणतो. जादूटोणाविरोधी कायदा वर्षानुवर्षं रखडवला तो स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या सरकारांनीच. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात या कायद्यासाठी झगडणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि काही दिवसांत वटहुकूम निघाला. ‘फुरोगामी’ ही शिवी अलीकडची.

२०१४ नंतर समाज खरंच उजवीकडे गेला का?

भाजपला २०१४ ला ३१ टक्के मतं मिळाली, २०१९ ला ३७, २०२४ ला जवळपास तेवढीच. म्हणजे दहातल्या किमान सहांनी दरवेळी दुसरीकडे मत दिलं. एवढ्यावर समाज वळला म्हणणं धाडसाचं.

पैशाच्या प्रश्नावर तर कुणीच हललं नाही, ते वर आलंच. जे बदललं ते असं: जे आधी जेवणाच्या ताटावर बोललं जायचं ते आता व्हॉट्सॲपवर, फलकावर आणि सभेत बोललं जातं. मतं जुनी आहेत, लाज गेली. आणि याचा परिणाम दुसऱ्या पक्षांवर जास्त झाला. २०१९ ला काश्मीरचं कलम ३७० गेलं तेव्हा काँग्रेसमध्येच दोन सूर लागले. राममंदिर, गोहत्या, लव्ह जिहाद यांवर उघड विरोधात बोलणारा पुढारी आज शोधावा लागतो. हा बदल खरा आहे, आणि मतांच्या टक्क्यांत तो दिसत नाही.

प्यूच्याच पाहणीत आणखी एक आकडा होता: देशाचे प्रश्न सोडवायला लोकशाहीपेक्षा खंबीर नेता बरा म्हणणारे ४८ टक्के, लोकशाही बरी म्हणणारे ४६. ज्यांना भीती वाटायची आहे त्यांनी ती या आकड्याची बाळगावी.

डावे संपले का?

२०२४ ला लोकसभेत तिन्ही कम्युनिस्ट पक्षांचे मिळून आठ खासदार आले. २००४ ला एकट्या मार्क्सवाद्यांचे ४३ होते. आकडा बघितला तर उत्तर मिळालं.

पण २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून निघालेला मार्क्सवाद्यांच्या किसान सभेचा लाँग मार्च १८० किलोमीटर चालून मुंबईत पोचला, तेव्हा दहावीची परीक्षा होती म्हणून हजारो आदिवासी शेतकरी रात्रीत चालून आझाद मैदानावर गेले. पायांना फोड आलेल्या त्या माणसांना मुंबईकरांनी पाणी, बिस्किटं, चपला दिल्या. देणाऱ्यांत कितीजणांनी आयुष्यात विळा-हातोड्यावर शिक्का मारला असेल?

आणि सोलापूरचं उदाहरण तर कुठल्याच चौकटीत बसत नाही. नरसय्या आडम मास्तर, मार्क्सवादी, विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांचे पुढारी. त्यांनी कुंभारीला असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची रे नगर वसाहत उभी करायला घेतली, पंतप्रधान आवास योजनेतून. २०१९ ला पायाभरणीच्या वेळी त्यांनी मोदींची स्तुती केली म्हणून पक्षाने त्यांना तीन महिने केंद्रीय समितीतून निलंबित केलं. १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या द्यायला मोदीच आले आणि बोलताना त्यांचा गळा दाटून आला. ज्या विडी कामगार बाईला चावी मिळाली, ती डावी की उजवी?

परदेशातले मराठी लोक?

त्यांची वेगळी पाहणी माझ्या माहितीत नाही, पण अमेरिकेतल्या भारतीयांची २०२० ची आहे. नोंदणीकृत मतदारांपैकी ७२ टक्के डावीकडे झुकलेल्या बायडेनच्या बाजूने होते, आणि त्याच पाहणीत मोदींचं काम पटणारेही जवळपास निम्मे. तिथे आपण अल्पसंख्य, इथे बहुसंख्य. खुर्ची बदलली की बाजू बदलते.

लोकसभेत अध्यक्षांच्या डावीकडे बसणारे डावे असतात का?

नाही. आपल्याकडे सत्ताधारी उजवीकडे बसतात आणि विरोधक डावीकडे. २०१४ ला काँग्रेस उचलून डावीकडे गेली, भाजप उजवीकडे आला, बाकं तीच. डावीकडची पहिली जागा उपाध्यक्षांची. १७ व्या लोकसभेत ती पाचही वर्षं रिकामी होती.